हिमसागराचा जमाखर्च

मुद्दल राखून व्याजावर निर्वाह करावा, हा गृहस्थाचा साधा नियम. परंतु ज्या समुद्राचे मुद्दलच बर्फाखाली दडलेले, तेथे हिशेब ठेवावयाचा कसा?

अंटार्क्टिकाभोवतीच्या सागरात क्रिल हा कोळंबीसारखा, बोटाएवढा जीव विपुल आहे. सील, पेंग्विन व कित्येक देवमासे प्रामुख्याने त्यावर जगतात. १९८२ साली अमलात आलेल्या आंतरराष्ट्रीय कराराने क्रिल पकडताना या आश्रितांचाही विचार बंधनकारक केला. त्यासाठी पेंग्विनचे वजन, पिलांची संख्या, अन्नशोधात जाणारा वेळ यांची वर्षानुवर्षे नोंद होते. फेऱ्या लांबल्या व पिले रोडावली, तर समुद्रात तूट आल्याची शंका घ्यावयाची.

नोंदी आहेत, अडते ते निर्णयापाशी. दक्षिण अटलांटिकातील त्या भागात वर्षाला ६,२०,००० टनांची मर्यादा आहे. ही पकड एकाच जागी एकवटू नये म्हणून ती विभागवार वाटून देणारा नियम २०२४ साली एकमताअभावी संपुष्टात आला. २०२५ च्या ऑगस्टमध्ये मर्यादा गाठली गेल्याने हंगाम मुदतीपूर्वीच थांबवावा लागला. तेथील निर्णय एकमतानेच होतात आणि १९८६ पासून भारतही त्या मंडळाचा सदस्य आहे. वही लिहून भागत नाही; ती वाचून वेळीच हात आखडता घेण्याची जबाबदारी आपलीही आहे.