शाकारणी : जुने छप्पर आणि नवी वास्तू

‘बंगला’ म्हटले म्हणजे प्रशस्त आवार, दगडी जोते आणि ऐसपैस व्हरांडा डोळ्यांपुढे उभा राहतो. परंतु या शब्दाचे मूळ शोधू गेल्यास आपण जाऊन पोहोचतो ते वंगदेशातील गवताने शाकारलेल्या झोपडीपाशी. तेथील मुसळधार पर्जन्याचे पाणी झटकन ओघळून जावे म्हणून शेतकरी बांबू वाकवून कमानदार पाखी रचीत असत. त्या घराला त्याच्या प्रदेशाचे नाव मिळाले, इंग्रजांच्या तोंडी ते जगभर गेले आणि शाहजहानच्या कारागिरांनी आग्र्याच्या किल्ल्यात त्याच वाकलेल्या छपराची आकृती दालनांवर चढविली. गरिबाच्या झोपडीने श्रीमंताच्या घराला नाव द्यावे, ही भाषेची गंमत म्हणावयाची.

हेच छप्पर आता पुन्हा वास्तुशास्त्रज्ञांच्या विचाराचा विषय झाले आहे. पर्यावरणाशी मिळतेजुळते घर कसे असावे, या चर्चेत गवत, पेंढा, नारळाची झापे आणि बांबू यांचा उल्लेख वारंवार होतो. गोव्यात व लगतच्या कोकणपट्टीत ही सामग्री कोणास अपरिचित नाही. तथापि ती कशी कार्य करते, ती मागे का पडली आणि आज तिचा उपयोग कोठे करणे इष्ट व कोठे अनिष्ट, याची नीट माहिती असणे आवश्यक आहे.

गवताचे छप्पर पाणी अडवीत नाही, ते पाण्याला वाट दाखविते. पावसाचा थेंब वरच्या काडीवरून खालच्या काडीवर, तिच्यावरून आणखी खालच्या काडीवर असा घरंगळत वळचणीपर्यंत येतो व पागोळीच्या रूपाने अंगणात पडतो. जाड आणि घट्ट बांधलेल्या छपरात केवळ वरचा थोडा थर भिजतो, आतील काडी कोरडीच राहते. मात्र यासाठी उतार चांगला तीव्र हवा. युरोपातील कारागीर ४५ अंशांहून कमी उतार सहसा मान्य करीत नाहीत. उतार मंद असला की पाणी रेंगाळते, काडी कुजते आणि वर शेवाळ धरते. आपल्याकडील जुने जाणते लोक अंश मोजीत नसत, परंतु मुख्य घरावरचे पाखे आणि गोठ्याची पडवी यांच्या उतारातील फरक त्यांना अचूक ठाऊक असे. शाकारणी नेहमी वळचणीकडून आढ्याकडे चढत जाते, म्हणजे वरचा थर खालच्या थराची शिवण झाकतो. दोन पाखी जेथे मिळतात ते आढे हा सर्वांत नाजूक भाग असून छप्पर गळू लागते ते बहुधा तेथूनच.

उष्णतेच्या बाबतीत या छपराचे वर्तन पत्र्याच्या अगदी उलट असते. काड्यांच्या पोकळीत आणि त्यांच्या फटींत हवा कोंडलेली राहते व कोंडलेली हवा उष्णतेला सहजासहजी पुढे जाऊ देत नाही. चैत्र-वैशाखात दुपारी पत्र्याखाली बसवत नाही आणि शेजारच्या झापांच्या मांडवात डोळा लागतो, याचे कारण एवढेच आहे. शिक्षकबंधूंना आणखी एक गोष्ट सांगावयास नको : पत्र्यावर पाऊस कोसळू लागला की वर्गात शिकविणे बंद पडते. गवतावर पडणारा पाऊस जवळजवळ निःशब्द असतो.

सामग्रीच्या उत्पत्तीचाही विचार करावा लागतो. सिमेंट तयार करताना चुनखडी भाजावी लागते व त्या क्रियेत, तसेच भट्टीच्या इंधनातून, कार्बन डायऑक्साइड वायू बाहेर पडतो. मानवी उद्योगांतून बाहेर पडणाऱ्या या वायूचा ७ ते ८ टक्के भाग सिमेंटचा असल्याचे मानले जाते. याउलट गवत व पेंढा वाढताना हाच वायू हवेतून शोषून घेतात. नारळाच्या एका झाडाला वर्षाकाठी सुमारे बारा झावळ्या येतात आणि तितक्याच गळतात. म्हणजे दहा माडांचे कुळागर असलेल्या कुटुंबाला वर्षाला शंभराहून अधिक झावळ्या काही न तोडता मिळतात. त्या काही दिवस पाण्यात भिजत ठेवून विणल्या की मल्लां तयार होतात. हे काम आपल्या स्त्रिया पिढ्यान्‌पिढ्या करीत आल्या आहेत.

असे असता हे छप्पर मागे का पडले? ‘लोकांना नव्याची हौस’ असे उत्तर देऊन मोकळे होणे अन्यायाचे ठरेल. पहिले कारण टिकाऊपणाचे. युरोपात पाणथळीतील बोरू जातीच्या गवताचे जाड छप्पर ३० ते ४० वर्षे टिकते, पण आपली मल्लां एक-दोन पावसाळ्यांतच जीर्ण होतात. दरवर्षी मृगापूर्वी शाकारणी करावयाची म्हणजे दरवर्षी माणसे, बांबूच्या कामट्या आणि सुंभ जमवावयाचे. घरातील तरुण शहरात नोकरीस गेल्यावर ही जमवाजमव वृद्धांनी कशी करावी? मंगळूर येथे १८६५ साली बासेल मिशनने कौलांचा कारखाना काढल्यानंतर ती कौले पश्चिम किनाऱ्यावर सर्वत्र पसरली. ज्याला परवडले त्याने कौले घातली, आणि त्यात त्याचे काहीच चुकले नाही.

दुसरे कारण शेतात सापडते. हरितक्रांतीच्या काळात ठेंगण्या भाताच्या जाती आल्या. १९६८ साली आलेली ‘जया’ ही त्यांतीलच. दाणा अधिक, काडी आखूड. खाजन शेतीतील कोरगुटासारखे जुने भात उंच वाढत असे व त्याचा लांब पेंढा शाकारणीस उपयोगी पडे. आखूड पेंढा, त्यातही यंत्राने कापून मोडलेला, गुरांपुढे टाकता येतो, पण छपरावर त्याचा उपयोग नाही. तिसरे कारण स्वयंपाकघरातील. चुलीचा धूर छपरातून झिरपत बाहेर पडे आणि त्याच्या काजळीने किडा-वाळवी दूर राही. त्या धुराने गृहिणींच्या डोळ्यांचे व फुप्फुसांचे किती नुकसान केले, हे आरोग्य कर्मचारी जाणतात. गॅसची शेगडी आली हे उत्तमच झाले, परंतु छपराचा एक राखणदार त्याबरोबर गेला.

याशिवाय प्रतिष्ठेचा प्रश्न आहेच. जनगणनेत गवताचे छप्पर कच्च्या सामग्रीत मोजले जाते. गवत, बांबू, लाकूड, माती अशा छपराखाली राहणारी कुटुंबे देशात २००१ साली सुमारे २२ टक्के होती, ती २०११ साली सुमारे १५ टक्क्यांवर आली. ही घट म्हणजे लक्षावधी कुटुंबांना मिळालेला दिलासा होय. पावसाळ्याच्या रात्री गळक्या छपराखाली भांडी मांडीत बसलेल्या माणसाला पर्यावरणाचे महत्त्व पटवून देण्यास जाऊ नये, असे प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत आहे. ज्याला पक्के घर हवे त्याला ते मिळालेच पाहिजे. गवताच्या छपराची शिफारस करावयाची तर ती ज्याच्यापुढे निवड आहे त्याला करावी.

अशी निवड करणारे देश आहेत. जपानमधील शिराकावा-गो येथील सुमारे ६० अंश उताराची भव्य गवती छपरे १९९५ साली जागतिक वारशाच्या यादीत आली. तेथे छप्पर बदलावयाचे म्हणजे सारा गाव एकत्र येतो, आपल्याकडील सावड किंवा इर्जिकीसारखाच हा प्रकार. डेन्मार्कमध्ये रिबे गावाजवळ वाडन समुद्राविषयीचे माहिती केंद्र २०१७ साली नव्याने उभे राहिले, त्याचे छप्परच नव्हे तर भिंतीही बोरूने मढविल्या आहेत. इंग्लंडमधील नॉरिच येथे एका विद्यापीठाच्या इमारतीसाठी २०१५ साली पेंढ्याचे तयार चौकटबंद तावे कारखान्यात बनवून भिंतींवर बसविण्यात आले. आपल्या देशात कच्छमधील भुंगा हे गोल मातीचे, शंकूसारख्या गवती छपराचे घर प्रसिद्ध आहे. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात असे अनेक भुंगे उभे राहिले. वर्तुळाकार भिंत आणि हलके छप्पर यांमुळे हे साधले. डोक्यावर काँक्रीट कोसळणे आणि गवत कोसळणे यांतील अंतर समजण्यास अभियंत्याची गरज नाही.

आता आगीसंबंधी. या विषयाला बगल देऊन गवताच्या छपराचे गुणगान करणारे लेख वाचनात येतात, ते बेजबाबदार आहेत. १६ जुलै २००४ रोजी तामिळनाडूतील कुंभकोणम येथील एका शाळेत स्वयंपाकघराची आग गवती छपराला लागली. जिना अरुंद होता आणि वर्ग भरलेले होते. ९४ बालके दगावली. या घटनेनंतर त्या राज्यात शाळांवरील गवती छपरे काढून टाकण्याचे आदेश निघाले. यास्तव शाळा, अंगणवाडी, दवाखाना किंवा जेथे अनेक माणसे एका दाराने ये-जा करतात अशा कोणत्याही वास्तूचे मुख्य छप्पर गवताचे असू नये. दुमजली इमारतीच्या वर तर ते कदापि नसावे. स्वयंपाकघर आणि झाप यांचा संबंध येऊ देऊ नये.

लंडनमध्ये १६६६ च्या महाभयंकर आगीनंतर गवती छपरे वर्ज्य झाली होती. १९९७ साली खुले झालेले ग्लोब नाट्यगृह हे त्यानंतरचे तेथील पहिले गवती छप्पर. परवानगी मिळाली ती आढ्यावर पाण्याचे फवारे बसविल्यावर. शिराकावा-गोतही गावभर पाण्याच्या तोट्या पेरलेल्या आहेत. रुडकी येथील केंद्रीय भवन संशोधन संस्थेने आपल्या परिस्थितीस साजेसा उपाय काढला आहे : छप्पर दाबून घट्ट बांधावयाचे आणि त्यावर माती, भुसा व पातळ केलेले डांबर यांच्या मिश्रणाचा गिलावा द्यावयाचा. अशा गिलाव्याने ठिणगीला सहज आसरा मिळत नाही आणि पावसाने मातीही धुपत नाही. आग पसरण्यास विलंब लागतो, एवढाच याचा अर्थ घ्यावा. न जळणारे गवत अद्याप कोणी निर्माण केलेले नाही. विजेच्या तारा छपरातून नेणे तर सर्वथा टाळावे, न्यावयाच्याच झाल्या तर बंद नळीतून न्याव्यात.

मग आपल्या गावी याचा उपयोग कोठे? समुद्रकिनाऱ्यावरील हंगामी शॅकमध्ये बांबू व मल्लां आजही वापरली जातात आणि पावसापूर्वी ती उतरवावी लागतात, त्यामुळे अल्प आयुष्याची अडचण तेथे येत नाही. गोठा, अवजारांची पडवी, रोपवाटिकेची सावली, पाहुण्यांसाठी बागेत उभारलेली एखादी खोली, ही योग्य स्थळे होत. माझ्या मते सर्वांत फलदायी उपयोग मात्र निराळाच आहे. ज्यांच्या डोक्यावर काँक्रीटची गच्ची आहे, त्यांनी उन्हाळ्यापुरती तिच्यावर मल्लांची सावली करावी. गच्चीला टेकवून न घालता बांबूच्या मांडणीवर वीतभर उंच घालावी, म्हणजे मधून वारा खेळतो आणि ऊन गच्चीपर्यंत पोहोचतच नाही. ज्येष्ठाच्या आरंभी मल्लां उतरवून माडाच्या आळ्यात टाकली की त्यांचे खत होते. पत्र्याच्या घरांवर झावळ्या टाकण्याची रीत आपल्याकडे आहेच, ती थोडी नेटकी करावयाची इतकेच. वाऱ्याने उडू नये म्हणून सुंभाने आडवे-उभे बांधणे आणि शेजारी फटाके उडत असल्यास विशेष दक्षता घेणे अगत्याचे आहे.

बांबूच्या वाहतुकीसंबंधी शेतकऱ्यांच्या मनात अजून भीती आढळते. २०१७ सालच्या दुरुस्तीनंतर भारतीय वन अधिनियमातील वृक्षाच्या व्याख्येतून बांबू वगळला गेला असून वनाबाहेरील जमिनीत लावलेला बांबू तोडण्यास त्या अधिनियमाची आडकाठी राहिलेली नाही. बांबू घेताना पुरी वाढ झालेला, किमान तीन वर्षांचा घ्यावा, आणि काही काळ वाहत्या पाण्यात बुडवून ठेवावा, म्हणजे त्यातील साखरेचा अंश धुऊन जातो व भुंग्याचा उपद्रव कमी होतो. झापे मोरचुदाच्या सौम्य द्रावणात बुडवून वाळविल्यास बुरशी उशिरा धरते. हे द्रावण विषारी असल्याने ते विहिरीजवळ करू नये आणि अशी झापे पुढे माडाच्या आळ्यात अथवा गुरांपुढे टाकू नयेत. गवती छपरावरून येणारे पाणी पिवळसर असते, ते पिण्यासाठी साठवू नये, बागेस द्यावे. शाकारणीचे काम माघ-फाल्गुनात हाती घेतल्यास माणसेही मिळतात आणि झावळ्या वाळण्यास ऊनही पुरेसे असते.