पश्चात्ताप आणि आत्मकरुणा : मराठी ख्रिस्ती वाङ्मयाच्या संदर्भात एक विचार

भारत-सोव्हिएत कराराने १९५५ साली भिलाईच्या पोलाद कारखान्याची पायाभरणी झाली आणि १९५९ मध्ये तेथील पहिली झोतभट्टी सुरू झाली. या उद्योगाभोवती जी वसाहत उभी राहिली तिच्यात निरनिराळ्या प्रांतांतील आणि भाषांतील माणसे एकत्र आली. मराठी भाषा या परिसराला नवी नव्हती. १८५४ साली नागपूरचे राज्य खालसा होईपर्यंत छत्तीसगड भोसल्यांच्या अंमलाखाली होते. प्रॉटेस्टंट मिशनचे काम मात्र येथे प्रामुख्याने हिंदीच्या आश्रयाने वाढले. ऑस्कर लोर याने १८६८ मध्ये विश्रामपूर येथे त्याचा आरंभ केला. त्यामुळे भिलाईसारख्या ठिकाणच्या मराठी ख्रिस्ती वाचकासमोर एक लहानसा पण अर्थपूर्ण भाषिक प्रश्न उभा राहू शकतो. घरच्या मराठी पवित्र शास्त्रात योहान आणि येशू लोकांना 'पश्चात्ताप' करण्यास सांगतात. हिंदीच्या प्रचलित भाषांतरात तेच आवाहन 'मन फिराना' या क्रियापदाने येते. मूळ वचन एकच असता एका भाषेत मनाने पोळावे अशी अपेक्षा दिसते, तर दुसरीत मनाने वळावे अशी. पोळणे आणि वळणे या दोन क्रियांचा परस्परसंबंध काय, आणि पहिली घडूनही दुसरी न घडल्यास त्या पोळण्याला काय म्हणावे, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

'पश्चात्ताप' या शब्दाची घडणच या प्रश्नाला वाट करून देते. 'पश्चात्' म्हणजे मागाहून आणि 'ताप' म्हणजे पोळणे. शब्दात काळ आहे, वेदना आहे. दिशा मात्र नाही. बोलीतला 'पस्तावा' याच शब्दाचा वंशज होय. पण त्याचा उपयोग पापाइतकाच फसलेल्या व्यवहारासंबंधीही होतो. वाईट बैल विकत घेणाराही पस्तावतो. 'हळहळ' आणि 'चुटपुट' यांत तर अपराधाचा संबंधच आवश्यक नाही. याउलट 'उपरती' या शब्दाचा मूळ अर्थ थांबणे, विरत होणे असा आहे. उपरती झाली असे म्हणताना मराठी माणसाला दुःखाची तीव्रता सांगावयाची नसते, माणूस बदलला हे सांगावयाचे असते. म्हणजे दुःख आणि परिवर्तन यांतला भेद मराठीने निरनिराळ्या शब्दांत आधीच नोंदवून ठेवला आहे. धर्मग्रंथाच्या भाषांतरात रूढ झालेला शब्द मात्र दुःखाच्या बाजूचा आहे, आणि परिवर्तनाचा अर्थ त्यात उपदेशाने व वाङ्मयाने भरावा लागला.

ही अडचण केवळ मराठीची नव्हे. नव्या कराराच्या ग्रीक भाषेत 'मेटानोइआ' म्हणजे मनाचे, विचाराच्या मुळाचे परिवर्तन; जुन्या कराराच्या हिब्रूतील 'शूव' या धातूचा अर्थ तर सरळ 'परत फिरणे' असा आहे. लॅटिन भाषांतरात या ठिकाणी प्रायश्चित्ताचा अर्थ सुचविणारी शब्दयोजना आली आणि शतकानुशतके तीच प्रमाण राहिली. इरॅस्मसने १५१६ मध्ये नव्या कराराचा ग्रीक पाठ प्रसिद्ध केल्यावर या भाषांतराची चर्चा वाढली. १५१७ च्या लूथरच्या पंचाण्णव सूत्रांपैकी पहिलेच सूत्र असे प्रतिपादते की, श्रद्धावंताचे सारे आयुष्य हाच पश्चात्ताप असला पाहिजे. दुसऱ्या बाजूला ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५५१ मध्ये पश्चात्तापाचे लक्षण करताना मनाचे दुःख, पापाचा तिटकारा आणि पुन्हा पाप न करण्याचा निश्चय अशी तीन अंगे सांगितली. या दोन पक्षांत मतभेद तीव्र होते. तथापि केवळ दुःख म्हणजे पश्चात्ताप नव्हे, याविषयी त्यांच्यात वाद नव्हता.

हा भेद सर्वांत नेमकेपणाने मांडला तो पौलाने. करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या सातव्या अध्यायात त्याने दुःखाचे दोन प्रकार केले आहेत : देवाला अनुसरून असणारे आणि जगाला अनुसरून असणारे. पहिले परिवर्तनाकडे व तारणाकडे नेते, दुसरे मरणाकडे. येथे पौल दुःखाचे माप देत नाही, त्याचा परिणाम पाहावयास सांगतो. राजा शौल आणि राजा दावीद यांच्या कथा शेजारी ठेवल्या म्हणजे हे अधिक स्पष्ट होते. शमुवेलाने दोष दाखविताच शौल आपण पाप केल्याचे कबूल करतो. पण लगेच लोकांच्या वडीलधाऱ्यांसमोर आपला मान राखावा अशी विनंतीही करतो. नाथानाने दोष दाखविल्यावर दावीद पाप कबूल करतो आणि तेथेच थांबतो. शब्द जवळपास सारखेच. परंतु शौलाच्या मनात गेलेली प्रतिष्ठा आहे, दावीदाच्या मनात घडलेले पाप.

याच भेदाचे सर्वांत करुण उदाहरण यहूदा आणि पेत्र यांचे होय. मराठीत ते फार लवकर आले. फादर थॉमस स्टीफन्सचे 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये गोव्यात, रायतूर येथे छापले गेले. ओवीबद्ध आणि दोन भागांत विभागलेल्या या ग्रंथाचे दुसरे पुराण ख्रिस्तचरित्राचे असून त्याचे एकोणसाठ अवस्वर आहेत. दुःखसहनाच्या कथाभागात हे दोन्ही शिष्य अर्थातच येतात. त्याच शतकाच्या पूर्वार्धात एतिएन द ला क्रुवा याने संत पेत्रावर स्वतंत्र मराठी पुराण रचले. आपल्या गुरूला नाकारणारा शिष्य एका पुराणाचा नायक व्हावा, ही घटना लक्षात घेण्यासारखी आहे. मराठी श्रोत्यासमोर ख्रिस्ती आदर्श म्हणून उभा राहिला तो पडून उठलेला मनुष्य.

यहूदाचे प्रकरण वाटते तितके सोपे नाही. मत्तयाच्या वृत्तांतानुसार त्याला दुःख झाले, त्याने अपराधाची कबुली दिली आणि तीस नाणी परत केली. दुःख, कबुली, भरपाई ही पश्चात्तापाची बाह्य अंगे एकामागून एक त्याच्या ठिकाणी दिसतात. पेत्राच्या वृत्तांतात त्या रात्री यांपैकी एकच गोष्ट आहे : तो बाहेर जाऊन रडला. कृतींची यादी करून तुलना केली तर यहूदाचेच पारडे जड ठरेल. तरीही एकाचा शेवट आत्मनाशात झाला आणि दुसऱ्याचा प्रेषितपणात. मत्तयाने यहूदासाठी वापरलेले ग्रीक क्रियापदही 'मेटानोइआ'च्या कुळातले नाही. खंत वाटणे, पस्तावणे एवढाच त्याचा आशय आहे. यहूदाने कबुली दिली ती याजकांपाशी. ज्याचा घात केला त्याच्याकडे तो गेला नाही. त्याच्या दुःखात क्षमेला जागाच नव्हती. लूकाने पेत्राच्या रडण्यापूर्वी एक लहानसा तपशील नोंदविला आहे : प्रभूने वळून पेत्राकडे पाहिले. वळण्याची क्रिया प्रथम अपराध्याने केलेली नाही, जो दुखावला गेला त्याने केली. पेत्राचे अश्रू त्या दृष्टीला दिलेले उत्तर आहेत. म्हणून त्यांत वेदनेबरोबर नातेही शिल्लक राहते, आणि योहानाच्या शुभवर्तमानाच्या अखेरीस त्या नात्याचे पर्यवसान सोपविलेल्या कामात होते : मेंढरे चारावयाची आहेत.

येथून आत्मकरुणेचे, साध्या भाषेत स्वतःची कीव करण्याचे, स्वरूप ठरविता येते. आत्मकरुणा म्हणजे ढोंग नव्हे. तिच्यातील वेदना खरी असते. पण अपराध झाल्यावर दुखावलेल्या माणसाची जागा अपराधी स्वतः घेतो. 'तुझे काय झाले' हा प्रश्न मागे पडतो आणि 'माझे काय झाले, मी किती वाईट, मला आता कोण जवळ करील' ही प्रश्नमाला सुरू होते. परिणामी ज्याच्यावर अन्याय झाला त्यालाच अपराध्याचे सांत्वन करावे लागते. स्वतःची अतोनात निंदा हेही याच वृत्तीचे एक रूप आहे; कारण निंदेच्याही केंद्रस्थानी 'मी'च असतो. क्षमा स्वीकारणे अशा मनाला जड जाते. क्षमा घेतली की विलाप संपवावा लागतो आणि दुरुस्तीला लागावे लागते. जक्कयाच्या कथेत अश्रूंचा उल्लेखच नाही; कोणाचे अन्यायाने घेतले असल्यास चौपट परत देण्याचा संकल्प आहे. त्याची दृष्टी ज्यांचे घेतले त्यांच्याकडे वळलेली आहे.

हा विचार मराठी मनाला परका वाटण्याचे कारण नव्हते. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात पापक्षालनाच्या साधनांत अपराध उघड करणे आणि अनुताप यांची गणना आहे. आणि पुन्हा असे करणार नाही या निश्चयाने निवृत्त झाल्यानेच शुद्धी होते, असेही तेथे म्हटले आहे. संत एकनाथांनी १५७३ मध्ये काशीस पूर्ण केलेल्या भागवतटीकेत 'अनुताप' ही तर एक मध्यवर्ती कल्पना आहे. तेविसाव्या अध्यायातील अवंतीच्या कृपण ब्राह्मणाचे धन जाते, आप्त त्याला टाकतात आणि पुढे भिक्षु झाल्यावर लोक त्याची विटंबना करतात. स्वतःची कीव करण्यास याहून अधिक कारणे कोणास मिळावयाची? तरी माणसे, देव, ग्रह, कर्म, काळ यांपैकी कशावरही तो ठपका ठेवीत नाही; सुखदुःखाचे कारण आपले मनच होय या निर्णयास तो येतो. ख्रिस्ती कल्पनेत या ठिकाणी दुखावलेला ईश्वर व शेजारी समोर असतो, भागवतात वैराग्य. हा फरक मोठा आहे आणि तो पुसून टाकणे योग्य नव्हे. परंतु तापाने माणूस स्वतःभोवती न फिरता स्वतःच्या पलीकडे जावा, ही अपेक्षा दोन्हीकडे आहे.

आधुनिक मराठी ख्रिस्ती इतिहासात अश्रूंचा प्रश्न पंडिता रमाबाईंच्या केडगाव येथील मुक्ती मिशनमध्ये १९०५ साली प्रकर्षाने पुढे आला. तेथील जागृतीच्या काळात मुली-स्त्रिया मोठ्याने रडून आपली पापे कबूल करीत. अशा सामुदायिक भावावेगाबद्दल त्या वेळीही मतभेद झाले. येथे रमाबाईंचे स्वतःचे आत्मनिवेदन उपयोगी पडते. १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या साक्षीत त्या सांगतात की, १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांना ख्रिस्ती धर्म मिळाला होता. ख्रिस्त मिळाला तो पुढे काही वर्षांनी. आईवडील दुष्काळात गेलेले, भाऊ आणि पती तरुणपणीच मृत्यू पावलेले, अशी ही जीवनकथा आहे. स्वतःच्या दुःखावर लोकांची करुणा मागणे रमाबाईंना सहज शक्य होते. पण तीत या दुःखांची नोंद आहे, मागणी नाही. दुष्काळात पोळलेली ही स्त्री १८९६-९७ च्या दुष्काळात मध्यप्रांतात जाऊन निराधार मुली व विधवांना घेऊन आली. मुक्तीची उभारणी त्यातून झाली. केडगावच्या अश्रूंचा विचार या कामाच्या पार्श्वभूमीवर व्हावयास हवा.

लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' (१९३४ ते १९३६) या संदर्भात सर्वांत बोलकी आहेत. ती पश्चात्तापावर व्याख्यान देत नाहीत, म्हणूनच बोलकी आहेत. नारायण वामन टिळकांनी १८९५ च्या फेब्रुवारीत बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाईंच्या वाट्याला सुमारे पाच वर्षांचा वियोग आला. हा काळ त्या सांगतात तेव्हा दुःख लपवीत नाहीत. पण त्यांचे हसू प्रथम स्वतःवर वळते. टिळकांचा शीघ्र संताप आणि त्यामागोमाग येणारी हळहळ यांचीही चित्रे पुस्तकात आहेत; तीत ना तक्रार आहे ना गौरव. मनाचे खरे वळण मात्र त्यांच्या स्वतःच्या सोवळ्याच्या प्रसंगात दिसते. जातिभेद देवाने केला की माणसाने, याचा विचार करता करता तो माणसाचाच आहे असे त्यांच्या मनाने घेतले, आणि त्याचा परिणाम खाण्यापिण्याच्या रोजच्या व्यवहारात झाला. येथे विलाप नाही. आजवर ज्यांना दूर ठेवले त्यांच्या हातचे घेणे आहे. 'मेटानोइआ' या शब्दाला मराठी गद्यात याहून साधे आणि अचूक उदाहरण क्वचितच सापडेल.

अर्थात ही भेदरेषा कठोरपणे वापरणे धोक्याचे आहे. उधळ्या पुत्राच्या मनात पहिला विचार आला तो बापाचा नव्हे, भाकरीचा. त्याच्या पश्चात्तापाचा आरंभ भुकेत, म्हणजे स्वतःच्या कीवेतच झाला. तो त्या कीवेत बसून राहिला नाही, उठून चालू लागला, एवढेच त्याचे श्रेय. म्हणून दुसऱ्याच्या अश्रूंची परीक्षा घेण्यासाठी हा भेद नाही. ज्याने त्याने तो स्वतःस लावावयाचा आहे. निराशेत बुडालेल्या माणसाला त्याचे दुःख खोटे आहे असे सांगणे क्रूरपणाचे ठरेल. क्षमा शक्य आहे आणि दुरुस्तीचे काम वाट पाहत आहे, हे सांगणे अधिक उपयोगाचे.

या दृष्टीने पाहता भिलाईच्या वाचकासमोरील दोन शब्द परस्परांचे प्रतिस्पर्धी राहत नाहीत. 'मन फिराना' या प्रयोगात दिशा आहे, पण वळताना जे जळते त्याची जाणीव त्यात क्षीण आहे. 'पश्चात्ताप' या शब्दात ती जाणीव आहे, पण कोठे वळावे हे तो सांगत नाही. जेथे दोन्ही भाषा कानावर पडतात तेथे एक शब्द दुसऱ्याची उणीव भरून काढू शकतो. तापाने वळण आले तर तो पश्चात्ताप. ताप स्वतःभोवतीच फिरत राहिला तर ती आत्मकरुणा, मग ती कितीही अश्रूंनी भिजलेली असो.