देवाची दया आणि आपला हिशेब

दया या विषयावर बोलावयाचें म्हणजे वक्त्यास एक भय असतें. हा शब्द सर्वांच्या इतका परिचयाचा आहे कीं, त्याविषयीं कांहीं सांगूं लागलें म्हणजे ऐकणाराची मान आपोआप होकारार्थी हालूं लागते; आणि मान हालूं लागली कीं लक्ष निघून जातें. शाळेंत हा अनुभव मीं पुष्कळ वर्षें घेतलेला आहे. म्हणून आज उपदेशाऐवजीं मी एक गणित मांडणार आहें. तें ख्रिस्ती शास्त्रांतलें आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायांत येशूनें सांगितलेला एक दृष्टांत आहे, त्यांत तें सांपडतें.

प्रसंग असा. पेत्र नांवाच्या शिष्यानें विचारलें कीं, माझ्या बंधूनें माझा अपराध केला तर मीं त्याला किती वेळां क्षमा करावी, सात वेळां पुरे काय? सात हा आंकडा त्यानें आपल्या मतें सढळ हातानेंच घातला होता. येशूनें तो सत्तरपट केला. कांहीं भाषांतरकार मूळ शब्दांचा अर्थ सत्त्याहत्तर असा करितात. तात्पर्य तेंच, कीं मोजीत बसूं नये. मग ही गोष्ट सांगितली. एक राजा आपल्या सेवकांचा हिशेब घेऊं लागला. एकाकडे १०,००० तालांत येणें निघालें. फेडण्यास जवळ कांहीं नाहीं, तेव्हां त्यास बायकोमुलांसह विकावें असा हुकूम झाला. सेवक पायां पडून मुदत मागूं लागला. राजास कळवळा आला व त्यानें सगळें ऋण सोडून दिलें. हाच सेवक बाहेर पडतो, तों त्याचे १०० दिनार देणें असलेला एक सोबती भेटतो. हा त्याची नरडी धरतो. सोबतीहि पायां पडून मुदतच मागतो, जवळजवळ त्याच शब्दांनीं. पण हा त्याला तुरुंगांत घालतो.

आतां आंकडे पाहूं. दिनार म्हणजे त्या काळीं मजुराची एका दिवसाची मजुरी. द्राक्षमळ्याच्या दृष्टांतावरून हें कळतें. एका तालांताचे सुमारें ६,००० दिनार होत. म्हणजे पहिलें ऋण ६ कोटि दिनारांचें झालें. वर्षाचे कामाचे दिवस ३०० धरले, तर तें फेडण्यास एका मजुरास २,००,००० वर्षें राबावें लागेल, आणि तेंहि अन्नाचा घांस न घेतां. योसेफस या यहुदी इतिहासकारानें लिहिलें आहे कीं, हेरोद अंतिपास यास गालील व पेरिया या प्रांतांतून वर्षाला २०० तालांत मिळत. त्या मानानें या एका सेवकाच्या डोक्यावर दोन प्रांतांचा ५० वर्षांचा वसूल होता. दोन ऋणांचें प्रमाण काढलें तर तें सहा लाखांस एक असें येतें.

येथें पुष्कळ प्रवचनकार घाई करितात आणि १०० दिनार ही क्षुल्लक रक्कम ठरवून मोकळे होतात. मला तें पटत नाहीं. शंभर दिवसांची मजुरी म्हणजे गरीब घराचें तीनचार महिन्यांचें अन्न. ती बुडाली तर चूल विझते. आपला जो अपराध कोणी केलेला असतो तो खराच असतो. भावानें घराचा वांटा बुडविला, शेजाऱ्यानें खोटी साक्ष दिली, या गोष्टी हातावेगळ्या झटकून टाकण्याजोग्या नव्हेत. दृष्टांतांतला राजाहि प्रथम हिशेबच मागतो. क्षमा करणें म्हणजे देणें नव्हतेंच असें म्हणणें नव्हे. देणें होतें, आंकड्यानिशीं होतें, आणि तें मीं सोडलें, असें म्हणणें होय. अन्याय चालूं द्यावा असाहि यांतून अर्थ निघत नाहीं. ज्या इतर सेवकांनीं हा प्रकार पाहिला ते कष्टी होऊन राजाकडे गेले, आणि कथेंत त्यांस कोणी चहाडखोर म्हटलेलें नाहीं.

मग तो सेवक असा कां वागला? जात्याच दुष्ट होता, हें उत्तर सोपें आहे. मला वाटतें, त्यानें काय मागितलें व त्याला काय मिळालें, हें ताडून पाहावें. त्यानें मुदत मागितली, सगळें फेडण्याचें वचन दिलें. दोन लाख वर्षांचें काम, आणि हा थोडी सवड मागतो! राजानें मुदत दिली नाहीं, ऋणच सोडलें. परंतु बाहेर पडतांना त्याच्या मनांत मुदतच होती असें दिसतें. आपण अजून ऋणकोच आहों, कोठून तरी पैसा गोळा केला पाहिजे, या धास्तीनें त्यानें पहिला भेटला त्याचा गळा धरला. हा अर्थ माझा आहे. मूळ कथा त्याच्या मनांतलें कांहींच सांगत नाहीं. पण उपास, दानधर्म, प्रार्थना यांच्या हप्त्यांनीं देवाचें देणें फेडूं पाहणारा भाविक मनुष्य घरच्या माणसांशीं इतका काटेकोर कां असतो, याचा उलगडा मला यांतून होतो. मोलकरणीची आगाऊ उचल पगारांतून पै-पैशानें कापून घेणाऱ्या घरांत प्रार्थना होत नाहीं असें थोडेंच आहे?

राजाच्या कळवळ्यासाठीं मूळ ग्रीक ग्रंथांत जें क्रियापद आहे, तें आंतड्यांच्या वाचक शब्दापासून झालेलें आहे. जुन्या करारांत दयेला जो एक हिब्रू शब्द येतो, तो तर गर्भाशयाच्या नात्यांतला. मराठी माणसास हें समजावून द्यावें लागत नाहीं. आपलेंहि आंतडें तुटतें, पोटांत कालवतें.

आपल्याकडील उदाहरण द्यावयाचें तर पंडिता रमाबाईंचें देतां येईल. त्यांच्या धर्मांतरावरून महाराष्ट्रांत पुष्कळ वाद झाला. त्यांत मी शिरत नाहीं. ऐन तारुण्याच्या उंबरठ्यावर त्यांनीं अन्नान्नदशा भोगली. आईबाप गेले, आणि त्या व त्यांचे बंधू उपाशीपोटीं देशभर वणवण करीत राहिले. पुढें १८८३ सालीं इंग्लंडांत त्यांनीं ख्रिस्ती धर्म स्वीकारला व १८८९ सालीं मुंबईस शारदासदन काढलें. १८९६-९७ च्या दुष्काळाच्या वेळीं तें सदन पुण्यास होतें आणि त्याचाच व्याप त्यांस पुरून उरण्याजोगा होता. तरी त्या मध्यप्रांतांत गेल्या आणि भुकेनें सांपळे झालेल्या शेंकडों मुली व विधवा घेऊन आल्या. प्लेगाच्या दिवसांत इतक्या जणींस पुण्यांत ठेवूं देईनात, तेव्हां केडगांवच्या शेतावर त्यांनीं त्यांची सोय केली. तेंच पुढें मुक्ति मिशन. स्वतःचा दुष्काळ त्यांना विसरतां आला नव्हता. तो सेवक राजवाड्याच्या दारापर्यंत जातांना जें विसरला, तें या बाईंनीं वीस वर्षें जपून ठेविलें होतें.

केडगांवीं त्यांनीं घरें वाढविलीं. समाजानें टाकलेल्या स्त्रियांसाठीं कृपासदन झालें. आंधळ्या बायकांसाठीं वेगळें घर झालें, त्याचें नांव बार्तीमी सदन. बार्तीमय हा यरीहो गांवच्या रस्त्याकडेला बसणारा आंधळा भिकारी. येशू जात आहे हें ऐकून तो दयेसाठीं ओरडूं लागला; लोकांनीं दटावून गप्प बसावयास सांगितलें, तेव्हां तो अधिकच मोठ्यानें ओरडला. येशू थांबला, आणि त्यानें त्याला बोलावून घेतलें.