कंपनी झोपवायची असेल तर आधी फॉर्म भरा

माणमध्ये, हिंजवडी आयटी पार्कच्या फेज तीनजवळ, माझ्या एम.एस्सी.च्या मित्राचं घर आहे. तेच आमच्या प्रायव्हेट लिमिटेड कंपनीचं नोंदणीकृत कार्यालय. पाणी तपासायचं एक छोटं उपकरण आम्हाला लॅबबाहेर न्यायचं होतं. मग मला पीएचडीला प्रवेश मिळाला, त्याला चाकणला नोकरी लागली आणि कंपनी आपोआप "बंद" झाली, असं आम्ही समजून चाललो. पुढे कधीतरी त्याच्या आजींनी टीव्हीखाली जपून ठेवलेलं एक पाकीट सापडलं. आत नोटीस होती: नाव नोंदवहीतून का काढू नये, ३० दिवसांत कळवा. त्यातले एकोणीस दिवस टीव्हीखालीच गेले होते!

पेटंटचा अर्ज कंपनीच्या नावावर होता. कंपनीच गेली तर अर्जदार कोण?

तुमच्यापैकी काही जण संशोधनातून स्टार्टअप काढणार, म्हणून हे लिहितोय. धंदा थांबणं वेगळं आणि कंपनी थांबणं वेगळं. २०१३ च्या कंपनी कायद्यातलं कलम २४८ वाचा. सलग दोन आर्थिक वर्षं काम नाही आणि त्या काळात 'सुप्त' म्हणजे डॉर्मंट दर्जासाठी अर्जही नाही, तर निबंधक नाव काढण्याची कारवाई सुरू करू शकतात. आमच्या चुकीला कायद्यात आधीपासून जागा होती तर!

त्यात १ जुलै २०१८ पासून ताळेबंद आणि वार्षिक विवरणपत्र उशिरा भरलं की प्रत्येकी दिवसाला १०० रुपये. एका वर्षाच्या दोन्ही फॉर्मना ३६५ दिवस उशीर म्हणजे ७३,००० रुपये, आमच्या भांडवलापेक्षा जास्त. सलग तीन वर्षं काहीच भरलं नाही तर संचालक पाच वर्षांसाठी अपात्र ठरतात, म्हणजे दुसऱ्या कंपनीतही संचालक होता येत नाही.

सुप्त दर्जा मिळतो कलम ४५५ खाली. भविष्यातल्या प्रकल्पासाठी किंवा बौद्धिक संपदा सांभाळण्यासाठी काढलेली कंपनी यात थेट बसते. विशेष ठराव करायचा आणि एमएससी-१ भरायचा. (एम.एस्सी. झालेल्यांना एमएससी-१! आम्ही यावर बराच वेळ हसलो.) कर थकलेला नको, मालकीचा वाद नको, ठेवी नकोत. आम्ही नोटिशीला उत्तर दिलं, थकलेलं सगळं भरलं, मग अर्ज केला. पुण्याचं निबंधक कार्यालय आकुर्डी स्टेशनजवळ आहे, फॉर्म मात्र ऑनलाइनच जातात.

दर्जा मिळाला म्हणून विसरून चालत नाही. दरवर्षी ३० एप्रिलपर्यंत सीएने तपासलेला एमएससी-३ द्यावा लागतो. प्रायव्हेट कंपनीत किमान दोन संचालक लागतात. वर्षाच्या प्रत्येक सहामाहीत एक बैठक, आणि दोन बैठकांत किमान ९० दिवसांचं अंतर.

खरी गंमत 'लक्षणीय लेखा व्यवहार' या व्याख्येत आहे. सुप्त कंपनीला असा व्यवहार करता येत नाही. निबंधकांचं शुल्क, कायद्याने लागणारी देणी, कायद्यासाठी केलेलं शेअरवाटप आणि कार्यालय व दप्तराचा खर्च, एवढंच त्यातून वगळलंय. आमच्या खात्यात छोटी एफडी होती. तिचं व्याज या यादीत कुठेच बसत नाही, म्हणून अर्जाआधी ती मोडली.

आता कर. आयकराच्या लेखी सुप्त कंपनी ही सवलतीची जात नाही. व्यक्तीला असते तशी करमुक्त मर्यादा कंपनीला नाही. उत्पन्न शून्य असलं तरी आयटीआर-६ भरायचाच. वेळेत भरला नाही तर धंद्यातला तोटाही पुढच्या वर्षांत ओढता येत नाही. २०१८ च्या वित्त कायद्याने तर आणखी एक पळवाट बंद केली. रिटर्न न भरल्याबद्दल खटला भरताना कराची रक्कम किरकोळ असेल तर मिळणारी सूट कंपन्यांसाठी काढून टाकली, रोख शेल कंपन्यांवर होता. जीएसटी हा तिसरा दरवाजा. उलाढाल नसेल तर नोंदणी रद्द करून अंतिम रिटर्न द्या, नाहीतर शून्य रिटर्नलाही उशिराचे दिवसाला २० रुपये.

ब्रिटनमध्ये करखातं कंपनीला सुप्त मानू शकतं आणि मग सहसा रिटर्न मागत नाही. तिथलं वाचून इथे तसंच वागू नका, आम्ही नेमकं तेच केलं होतं.

आणि ही झोप कायमची नाही. सलग पाच वर्षं सुप्त राहिल्यास निबंधक नाव काढायची प्रक्रिया सुरू करतात. आमचं दुसरं वर्ष चालू आहे. पेटंट मिळालं तर एमएससी-४ भरून कंपनी जागी करायची, नाही तर रीतसर बंद करायची. पाकिटं आता आजी थेट फोटो काढून पाठवतात.