चेतापेशी दोनदा घडली?

चेतापेशी प्राणिसृष्टीत एकदाच घडली की दोनदा, हा प्रश्न २०२३ साली बातम्यांत गाजला तो टिनोफोर या काचेसारख्या पारदर्शक सागरी जीवामुळे. दिसतो जेलीफिशसारखा, पण त्या कुळातला नाही. अंगावर कंगव्याच्या दातांसारख्या आठ रांगा असतात. त्या वल्ह्यांसारख्या मारत तो पोहतो. तोंडाच्या विरुद्ध टोकाला सूक्ष्म केसांच्या चार झुपक्यांवर एक खनिज कण तोललेला असतो. शरीर कलले की कणाचा भार एका बाजूला पडतो, त्यानुसार रांगांची गती बदलते आणि जीव सावरतो. मेंदूशिवाय चाललेली ही तोलाची व्यवस्था थक्क करणारी आहे.

गुणसूत्रांवरील जनुकांच्या मांडणीवरून त्या वर्षी असे मांडले गेले, की प्राण्यांच्या वंशवृक्षातून सर्वांत आधी फुटली ती टिनोफोरांची फांदी, स्पंजांची नव्हे. यातूनच पेच उभा राहतो. टिनोफोरांना चेतापेशी आहेत, स्पंजांना नाहीत. म्हणजे स्पंजांनी असलेली चेतासंस्था गमावली, नाहीतर निसर्गाने ती दोनदा घडवली. फ्लोरिडा विद्यापीठाचे लिओनिड मोरोझ दुसऱ्या पक्षाचे. एका टिनोफोराचा जनुकसंच २०१४ मध्ये प्रसिद्ध करताना त्यांनी दाखवून दिले, की इतर प्राण्यांच्या चेतापेशी ज्यांवर चालतात ती सेरोटोनिन, डोपामिनसारखी रसायने येथे सापडत नाहीत.

२०२३ मध्येच पावेल बुर्कहार्ट आणि माइके किटेलमान या संशोधकांच्या गटाने इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली टिनोफोराचे चेताजाळे तपासले. त्यातले तंतू एकमेकांत सलग मिसळलेले निघाले. मध्ये फट नाही. १९०६ चे नोबेल विभागून घेणाऱ्या गॉल्जी आणि काहाल या शास्त्रज्ञांचे भांडण नेमके यावरच होते. गॉल्जी म्हणत, चेतासंस्था हे एकसंध जाळे आहे. काहाल म्हणत, प्रत्येक पेशी सुटी आहे. काहाल बरोबर ठरले. गॉल्जींची कल्पना निदान एका जीवात खरी निघावी, हे फार सुंदर आहे.

तरीही ‘दोनदा’ हा निकाल घाईचा होईल. चेतासंधीला, म्हणजे दोन चेतापेशींमधल्या जोडाला, लागणाऱ्या अनेक प्रथिनांची जनुके चेतापेशी नसलेल्या स्पंजांतही आहेत. कच्चा माल जुनाच होता. त्यातून वस्तू किती वेळा घडली, एवढाच वाद आहे आणि तो मिटलेला नाही.

चेतासंस्थेची पुढची वाटचालही सरळ शिडीची नाही. हायड्रा या छोट्या जलजीवात जाळे पसरलेले, तर एक मिलिमीटरच्या सी. एलेगन्स या गोलकृमीत अवघ्या ३०२ चेतापेशी. २०२४ मध्ये संपूर्ण नकाशा निघालेल्या फळमाशीच्या मेंदूत त्या सुमारे १ लाख ३९ हजार. ऑक्टोपसकडे सुमारे ५० कोटी, पण त्यांतल्या बहुतांश बाहूंमध्ये. संदेश वेगाने नेण्याची अडचण एकच, उपाय मात्र वेगळे: ऑक्टोपसच्या जातभाईंपैकी स्क्विडने तंतूच जवळपास मिलिमीटरभर जाड केला, पाठीचा कणा असलेल्या बहुतेक प्राण्यांनी तो बारीक ठेवून त्यावर मायलिन या स्निग्ध पदार्थाचे वेष्टन चढवले.