एकच वर्ग, वेगळे डबे : महिला महाविद्यालयातील सहजीवनाचा प्रश्न

महिला महाविद्यालयांविषयी आपल्याकडे बहुधा आकड्यांच्या भाषेत बोलले जाते. किती मुली दाखल झाल्या, त्यांत अनुसूचित जातींच्या किती, भटक्या-विमुक्तांच्या किती, अल्पसंख्याक किती. तपासणीसाठी समिती येणार असली की याचे रंगीत तक्ते भिंतीवर लागतात. हे तक्ते खोटे नसतात. मी ज्या जिल्ह्याच्या गावी शिकविते, तेथे माझ्या वर्गात बौद्ध वस्तीतल्या मुली आहेत, मातंग आणि चर्मकार मुली आहेत, तांड्यावरून येणारी बंजारा मुलगी आहे, मोहल्ल्यातल्या मुस्लिम मुली आहेत, कोरडवाहू शेतकऱ्यांच्या मराठा मुली आहेत, पेठेतल्या व्यापाऱ्यांच्या आणि ब्राह्मणांच्या मुलीही आहेत. माझ्या आजीच्या पिढीला हे चित्र स्वप्नातही दिसले नसते. त्याचे मोल मी कमी लेखीत नाही. परंतु एका छपराखाली बसणे आणि एकमेकींबरोबर जगणे यांत जे अंतर आहे, त्याचा तक्ता कोणी करीत नाही. त्या अंतराचा विचार येथे करावयाचा आहे.

आरंभ प्रवेशाच्या दिवसापासूनच केला पाहिजे. जून महिन्यात बाप मुलीला घेऊन येतो. फी, विषय, नोकरी यांविषयी विचारण्याआधी तो एक प्रश्न विचारतो, "इथं पोरं नाहीत ना?" नाहीत म्हटले की त्याचा जीव भांड्यात पडतो. हा प्रश्न मी सर्व जातींच्या बापांकडून ऐकला आहे. माझ्या बापानेही तोच विचारला होता. मुलगी शिकावी असे त्यांना मनापासून वाटते. पण ती भलत्याच मुलाबरोबर जाऊ नये ही भीती त्याहून मोठी असते, आणि ‘भलता’ या शब्दाचा अर्थ बहुतेक वेळा ‘दुसऱ्या जातीचा’ असाच असतो.

ही भीती कोठून येते, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या जातिविषयक निबंधात उलगडून दाखविले आहे. जातीच्या आतच विवाह करणे हे त्यांनी जातीचे मर्म मानले. हा नियम टिकवायचा तर जातीतल्या विवाहयोग्य स्त्री-पुरुषांची संख्या सारखी राहिली पाहिजे. नवरा मेला की स्त्री ‘जास्तीची’ ठरते. ती जातीबाहेर जाऊ नये म्हणून सती आणि सक्तीचे वैधव्य आले. बायको मेलेल्या पुरुषासाठी विवाहाचे वय न झालेली मुलगी राखून ठेवली, म्हणून बालविवाह आला. म्हणजे जातीचे कुंपण उभे आहे ते स्त्रीच्या देहाभोवती. योगायोग असा की त्याच १९१६ साली पुण्यात महर्षी कर्वे यांनी स्त्रियांचे स्वतंत्र विद्यापीठ सुरू केले. मातृभाषेतून स्त्रियांना उच्च शिक्षण देणाऱ्या त्या प्रयत्नाचे महत्त्व कोणी नाकारू नये. पण या दोन घटना शेजारी ठेवून पाहिल्या की आपल्या महाविद्यालयाची भिंत दुहेरी आहे हे ध्यानात येते. या भिंतीच्या भरवशावर माझ्यासारखीला घराबाहेर पडता आले. आणि जिच्या धाकाने मुली आत राखल्या जातात ती जातही याच भिंतीच्या आधाराने आत आली.

आत आल्यावर ती दिसते कोठे? वर्गात फारशी दिसत नाही, कारण वर्गात शिक्षक असतो. मधल्या सुट्टीत डबे उघडले की दिसू लागते. गोल आपोआप पडतात. कोणी कोणाला हाकलत नाही. "आमच्यात चालत नाही गं" एवढे एक वाक्य पुरते. वसतिगृहात खोल्या ‘मुलींच्या सोयीने’ दिल्या जातात आणि वर्षअखेर पाहिले तर प्रत्येक खोलीत एकेका जातीचा संसार थाटलेला असतो. स्नेहसंमेलनात शेलापागोट्यांच्या चिठ्ठ्या निघतात. त्यांत कोणाचा रंग, कोणाचे ‘व्हतं-नव्हतं’, कोणाच्या आईची खुरपणी हसण्यावारी नेली जाते. ज्या मुलीची चिठ्ठी निघते तिनेही हसावे अशी अपेक्षा असते. संक्रांतीला महाविद्यालयात हळदीकुंकू होते आणि त्याला ‘सांस्कृतिक कार्यक्रम’ म्हणतात. त्या दिवशी मुस्लिम मुलगी ग्रंथालयात बसते, बौद्ध मुलगी घरी राहते, आणि विधवा झालेली आमची एक सेविका चहाच्या कपांपाशी उभी असते. तिघींपैकी एकीलाही कोणी ‘येऊ नकोस’ म्हटलेले नसते.

शिष्यवृत्तीचे तेच. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ साली सुरू झाली. ती नसती तर हा लेख लिहावयास मी येथे नसते. पण आजही कारकून वर्गाच्या दारात उभा राहून "शिष्यवृत्तीवाल्या मुली उभ्या राहा" म्हणतो. अर्ज आता ऑनलाइन भरले जातात, उभे मात्र वर्गातच राहावे लागते. तोवर जिचे आडनाव कोणाला उमगलेले नसते, तिची जात त्या क्षणी साऱ्या वर्गाला कळते. दुसऱ्या दिवशी तिच्या शेजारची जागा रिकामी असते.

कोणी म्हणतील, स्त्रिया तेवढ्या एकत्र आल्या की भगिनीभाव आपोआप येतो. इतिहासाची साक्ष वेगळी आहे. नागपूरच्या जाईबाई चौधरी यांनी १९२२ साली अस्पृश्य मुलींसाठी शाळा काढली. १९३७ साली नागपुरातच अखिल भारतीय महिला परिषदेचे अधिवेशन भरले, तेव्हा जेवणाच्या वेळी त्यांना वेगळे बसविण्यात आले. दलित स्त्रिया गप्प राहिल्या नाहीत. १९३८ च्या जानेवारीत सभा घेऊन त्यांनी निषेध केला. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी ‘आम्हीही इतिहास घडवला’ या १९८९ च्या ग्रंथात आपल्या आयाबायांची ही चळवळ नोंदवून ठेवली आहे. शिकलेल्या स्त्रियांची ती परिषद होती, आणि ताटाशी येऊन ती थांबली. याचे कारण उघड आहे. सोवळे, चूल, पाणी, सण आणि सोयरीक सांभाळण्याचे काम या समाजाने स्त्रीवर सोपविले. जातीचे नियम मुलगी पुस्तकातून शिकत नाही, आईच्या हाताखाली शिकते. म्हणून जात मोडण्याची शक्यताही मुलींच्या एकत्र राहण्यात सर्वांत अधिक आहे, आणि ती वाया जाते याचेच दुःख वाटते.

हे लिहिताना बोट दुसऱ्याकडेच दाखविणे अप्रामाणिकपणाचे होईल. माझ्या घरातली पदवी घेतलेली मी पहिली. वसतिगृहात पहिले सहा महिने बाबासाहेबांचा फोटो मी पेटीच्या तळाशी, साडीखाली ठेवला होता. भाकरी भिंतीकडे तोंड करून खाल्ली. पुढे आमच्या वस्तीकडच्या चारपाच जणी मिळाल्या, फोटो भिंतीवर लागला, मान ताठ झाली. त्याच वर्षी एक मातंग मुलगी आमच्या खोलीत खाट मागावयास आली. आम्ही तिला सांगितले, जागा नाही. जागा होती. ती काही बोलली नाही. दिवाळीला घरी गेली ती परत आली नाही, आणि उन्हाळ्यात तिचे लग्न झाल्याचे कळले. तिच्या जाण्याला आम्हीच कारण झालो असे मी म्हणू शकत नाही. नव्हतो असेही म्हणू शकत नाही. आज हजेरी घेताना दुसऱ्या वर्षाच्या वर्गात एखादे नाव सलग आठवडाभर गैरहजर लागले की मला ती खाट आठवते.

हा प्रश्न केवळ मनाला लागण्याचा नाही, जिवावर बेतण्याचाही आहे. २०१९ च्या मे महिन्यात मुंबईत आदिवासी समाजातील डॉ. पायल तडवी यांनी आत्महत्या केली. त्यांच्या छळाचा आरोप ज्यांच्यावर झाला त्या तिघी स्त्रियाच होत्या, आणि डॉक्टर होत्या. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१२ साली नियम करून प्रत्येक संस्थेत समान संधी कक्ष आणि भेदभावविरोधी अधिकारी असावा असे सांगितले होते. त्या नियमांची अंमलबजावणी व्हावी म्हणून २०१९ साली रोहित वेमुला आणि पायल तडवी यांच्या आयांना सर्वोच्च न्यायालयात जावे लागले. मुले गमावलेल्या आयांनी जाऊन सांगावे, तोवर आपण शिक्षक काय करीत होतो?

कक्षाचा फलक लावून काम संपत नाही. काही गोष्टी उद्यापासून करता येतील आणि त्यांना पैसा लागत नाही. वसतिगृहातील खोल्या चिठ्ठ्या टाकून द्याव्यात. शिष्यवृत्तीची सूचना प्रत्येकीला स्वतंत्र द्यावी, वर्गात नावे पुकारू नयेत. स्नेहसंमेलनाच्या समितीत दरवर्षी त्याच घरांतल्या मुली नसाव्यात, आणि चिठ्ठ्या आधी शिक्षिकेने वाचाव्यात. हळदीकुंकवाचा खर्च ३ जानेवारीला सावित्रीबाईंच्या जयंतीच्या सहभोजनावर करावा. मुलींनी घरून आणलेले सारे एकाच पातेल्यात ओतावे आणि सेविकेसह सर्वांनी एकाच पंगतीत बसावे. ऊसतोडीला गेलेल्या आईबापांमागे धाकटी भावंडे सांभाळणाऱ्या मुलीला हजेरीच्या टक्केवारीवरून घरी धाडण्याआधी तिच्या घरी जाऊन यावे.

आणखी एक मी करते. प्रथम वर्षाच्या पहिल्या आठवड्यात मुक्ता साळवे हिचा निबंध वर्गात वाचते. जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकलेली ही चौदा वर्षांची मुलगी जातीने मांग होती. १८५५ साली ‘ज्ञानोदया’त छापून आलेल्या तिच्या निबंधाचा विषय होता मांग-महारांचे दुःख. दोघांचे मिळून एक दुःख. मला हे वसतिगृहात असताना माहीत असते तर त्या दिवशी मी काय उत्तर दिले असते, असे मनात येते.

गेल्या वर्षी निबंध वाचून झाल्यावर मागच्या बाकावरची एक मुलगी उठून म्हणाली, "मॅडम, आम्ही तिच्याच जातीच्या." वर्ग शांत होता. मधल्या सुट्टीत मी व्हरांड्यातून पाहिले. तिच्या बाकावर दोन डबे उघडे होते.