लाल दिवा ते ई-चलन

चौकात पोलीस दिसत नाही, रस्ताही मोकळा आहे, म्हणून कुणीतरी लाल दिवा ओलांडतो. काही दिवसांनी मोबाइलवर ई-चलन येतं. मधल्या काळात काय घडतं, ते क्रमाने पाहू.

पहिली पायरी स्टॉप लाइनची. झेब्रा क्रॉसिंगच्या अलीकडचा आडवा पांढरा पट्टा म्हणजे ही थांबण्याची रेषा. लाल दिवा लागण्याआधीच आपण ती ओलांडून चौकात शिरला असाल, तर पुढे जाता येतं. दिवा लाल झाल्यावर ओलांडली, तर तो गुन्हा. पिवळा दिवा थांबण्यासाठी असतो; तो पाहून वेग वाढवणारेच बहुधा सापडतात.

दुसरी पायरी गाडी टिपण्याची. दिवा कधी लाल झाला, हे कॅमेऱ्याच्या यंत्रणेला सिग्नलकडून कळतं. काही ठिकाणी डांबराखाली तारेचं वेटोळं पुरलेलं असतं. वरून गाडी गेली की तारेतला विजेचा संकेत बदलतो. इतर ठिकाणी संगणक व्हिडिओवरच रेषा आखून गाडीवर नजर ठेवतो.

तिसरी पायरी फोटोंची. साधारणपणे एक फोटो गाडी रेषेवर असताना आणि दुसरा ती चौकात असताना घेतला जातो. त्यामुळे सिग्नल तोडून निघून गेलेली गाडी आणि रेषेच्या जरा पुढे येऊन थांबलेली गाडी यांत फरक करता येतो. मात्र झेब्रावर थांबलो तर त्याचंही वेगळं चलन येऊ शकतं.

चौथी पायरी नंबर प्लेटची. सॉफ्टवेअर फोटोतला क्रमांक वाचतं. 214 चा ‘राम’ किंवा 4141 चा ‘दादा’ करणाऱ्या प्लेट नियमबाह्य आहेतच, शिवाय त्या चुकीच्या वाचल्या गेल्या तर भुर्दंड भलत्यालाच पडतो.

पाचवी पायरी पडताळणीची. नियंत्रण कक्षातले कर्मचारी फोटो तपासतात. मग ‘वाहन’ या सरकारी नोंदवहीतून मालकाचं नाव आणि मोबाइल क्रमांक मिळतो आणि चलन निघतं. 2021 च्या केंद्रीय नियमांनी गुन्ह्याची सूचना पाठवायला 15 दिवसांची मुदत घातली होती. सोबत फोटो, तारीख, वेळ आणि ठिकाण लागतं.

सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. कॅमेरा गाडी ओळखतो, चालवणाऱ्याला नाही. गाडी विकली पण आरटीओत नाव बदललं नाही, तर नव्या मालकाची चलनं आपल्याच नावावर चढतात. म्हणून विकताना फॉर्म 29 आणि 30 भरून हस्तांतर पूर्ण झाल्याची खात्री करावी. मोबाइल क्रमांक जुना असेल तर चलन आल्याचंच कळत नाही आणि थकबाकी साचत जाते.

शेवटची पायरी आपली. चलन आलं की आधी फोटो उघडून गाडीचा रंग, मॉडेल आणि ठिकाण जुळवावं. दुसऱ्याच कुणी आपला क्रमांक लावलेला दिसला, तर पैसे न भरता महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या ई-चलन संकेतस्थळावर किंवा ‘महाट्रॅफिक’ अ‍ॅपवर तक्रार नोंदवावी. आणि चलनाच्या नावाखाली व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली फाइल कधीही उघडू नये. तिच्यातून बँक खातं रिकामं करणाऱ्या टोळ्या आहेत. सरकारी संकेतस्थळाचा पत्ता स्वतः टाइप करूनच चलन पाहावं.